कुजायच्या आत

अलोऱ्याच्या वीजघरात येणारं पाणी आधीच एकदा वापरलेलं असतं. चिपळूण तालुक्यातल्या, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याच्या या गावात पाहुणा आला की आम्ही त्याला कोळकेवाडीचं धरण दाखवायला नेतो. पाहुणा फोटो काढतो, 'सुंदर' म्हणतो आणि निघतो. समोरचं पाणी मुळात आपल्या बाजूचं नव्हे, हे त्याला मुद्दाम सांगावं लागतं. कोयना नदी पूर्वेला, कृष्णेला मिळायला निघालेली. कोयनानगरला तिला अडवलं, शिवसागर जलाशयातलं पाणी बोगद्याने सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवलं आणि पोफळीच्या भूमिगत वीजघरात सुमारे पावणेपाचशे मीटर खाली सोडून त्यावर वीज केली. तिथून बाहेर पडलेलं पाणी सरळ नदीत सोडून दिलं असतं तरी कुणी नावं ठेवली नसती. पण त्या वेळच्या इंजिनिअरांनी पाहिलं की अजून शंभर मीटरांहून जास्त उतार शिल्लक आहे. मग कोळकेवाडीला दुसरं धरण घातलं, ते १९७५ साली पुरं झालं, आणि अलोऱ्याच्या अंगाला तिसऱ्या टप्प्याचं वीजघर उभं राहिलं. प्रत्येकी ८० मेगावॉटचे चार संच, म्हणजे ३२० मेगावॉट. उष्ट्या पाण्यावरची वीज.

दोनदा उष्टं झालेलं हे पाणी शेवटी वाशिष्ठी नदीला मिळतं. सरकारी कागदात त्याला 'अवजल' म्हणतात. अवगुण, अवकळा, अवलक्षण यांच्या पंगतीत बसवावं असं त्या पाण्याने काय केलं कोण जाणे. कृष्णा पाणीवाटप लवादाने कोयनेतून पश्चिमेला वळवण्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घालून दिली. एक टीएमसी म्हणजे दोन कोटी ८३ लाख घनमीटर. वर्षाचा हिशेब दिवसांवर वाटला तर रोजचे ५०० कोटी लिटरांहून जास्त होतात. अख्ख्या मुंबईला रोज नळाने एवढं पाणी मिळत नाही. ते मुंबईपर्यंत न्यायचे बेत अनेकदा मांडले गेले. इकडे चिपळूण शहर आणि खेर्डी, लोटे इथल्या औद्योगिक वसाहती वर्षानुवर्षं याच पाण्यावर तहान भागवतात. वीजघराच्या लेखी जे अवजल, ते चिपळूणकराच्या लेखी चैत्रातही न आटणारी वाशिष्ठी.

अशा गावात राहिलं की टाकाऊ वस्तूंकडे बघायची सवय जरा बदलते. एखादी गोष्ट टाकाऊ आहे म्हटलं की मी आधी विचारतो, कुणाच्या लेखी? आणि लगेच दुसरा प्रश्न, किती वेळ? हा दुसरा प्रश्न लोक सहसा विचारत नाहीत. अलोऱ्याहून सुटलेलं पाणी खाडीच्या खारट पाण्यात मिसळलं की संपलं. त्याला जे काय पकडायचं ते त्याच्या आत. झाडापेरातून येणाऱ्या प्रत्येक उरल्यासुरल्या वस्तूची हीच गत आहे. लोखंडाचं भंगार परसात दहा वर्षं पडलं तरी भंगारवाला भाव देतो. आंब्याचा बाठा दहा दिवसही थांबत नाही.

काजूचं बघा. एकाच फळाचे दोन भाग, आणि दोघांचं नशीब दोन टोकांना.

मार्चपासून मेपर्यंत आमच्याकडच्या डोंगरउतारांवर बोंडं पिकतात. बोंडाच्या टोकाला बी लटकलेली. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेलं हे झाड कोकणात इतकं मुरलं की त्याला परकं म्हणायची हिंमत होत नाही. बी काढून घ्यायची आणि बोंड झाडाखाली टाकून द्यायचं, ही सर्वत्र रीत. वजनात बोंड बीच्या पाच ते दहापट भरतं, म्हणजे झाडाने दिलेल्यातला बहुतेक भाग आपण तिथेच मातीत सोडतो. त्यात संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व असतं, साखर असते, रस तर हात लावताच गळतो. पण त्याची साल अशी नाजूक की सकाळी पडलेलं बोंड संध्याकाळी आंबायला लागतं. शिवाय टॅनिनमुळे घसा खवखवतो. टॅनिनवर उपाय फार अवघड नाही. रसात भाताची पेज किंवा साबुदाण्याची खळ घातली की ते गठ्ठा होऊन तळाशी बसतं आणि वरचा रस निवळून घेता येतो. घोडं अडतं ते वेळेपाशी. डोंगरावर विखुरलेली बोंडं चोवीस तासांच्या आत गोळा करून कारखान्यात पोचवायची कशी? गोव्यात याचं उत्तर पिढ्यान्‌पिढ्या एकच आहे: कारखानाच झाडाखाली न्यायचा. रानातच बोंडं तुडवायची, रस आंबवायचा, भट्टी लावायची. आंबणं हा तिथे नास ठरत नाही, तीच तर प्रक्रिया. गोव्याच्या काजूफेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने तो रस्ता अरुंद ठेवला आणि आपली बोंडं माश्यांच्या वाट्याला आली.

आता बी. चिपळूणच्या वाटेवर काजूची एक शेड आहे, तिथे मी दर मोसमात एक-दोनदा जातो. बी आधी वाफवून घेतात, म्हणजे टरफल जरा सैलावतं. मग ती गार करून कटिंगला येते. लाकडी टेबलावर बसवलेलं छोटं यंत्र, दोन वाकडी पाती. एका हाताने बी त्यांच्यात धरायची, पायाने दाबायचं, दुसऱ्या हाताने दांडा फिरवायचा. टरफलाचे दोन अर्धे बाजूला, गर टोपलीत. एका बाईचे हात मनगटापर्यंत राखेने पांढुरके झाले होते.

"वहिनी, हातमोजे नाही घालत?"

"मोजं घालून बी कळत नाय, दादा. गर तुटतो. अख्ख्याचा भाव वेगळा, तुकड्याचा वेगळा."

"आणि चीक?"

"पयल्या वर्षी सालटी गेली हाताची. आता राख लावतो, तेल लावतो. सवय."

त्या चिकापाशी जरा थांबू. टरफल आडवं कापलं तर बाहेरची चामड्यासारखी साल आणि आतलं कठीण कवच यांच्यामध्ये मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसते. तिच्या घरांत घट्ट, तपकिरी, झोंबणारं तेल भरलेलं असतं. काजूची सोयरीक कुणाशी आहे हे माहीत असेल तर नवल वाटणार नाही. काजू, आंबा आणि बिब्बा हे एकाच कुळातले. बिब्बा अंगावर उततो तसाच काजूचा चीक उततो, आणि आंब्याच्या देठाच्या चिकाने ओठाच्या कडेला फोड येतो तोही त्याच घराण्याचा प्रसाद. झाडाने हा पहारा बसवला तो बी खाणाऱ्या किड्यांसाठी आणि जनावरांसाठी. कापणारीचे हात मध्ये आले.

या तेलातला मुख्य घटक ॲनाकार्डिक आम्ल. तापवलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, कढईत फेस चढतो, आणि मागे राहतं ते कार्डॅनॉल. रसायनशास्त्रात हा फिनॉलचाच भाऊबंद, फक्त त्याला पंधरा कार्बनांची लांब शेपटी आहे. फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड एकत्र शिजवून लिओ बेकलँडने १९०७ साली बेकलाइट केलं, ते आपल्या जुन्या स्विचांमधलं काळं, कडक प्लॅस्टिक. त्याला लागणारा फिनॉल दगडी कोळशाच्या डांबरातून यायचा. कार्डॅनॉलचीही तशीच राळ होते, पण त्या शेपटीमुळे तिच्यात दोन गुण जादा उतरतात. एक, ती ठिसूळ होत नाही, थोडी लवचीक राहते. दोन, शेपटी तेलकट असल्याने पाणी तिच्याशी सलगी करत नाही.

या दोन गुणांवर केवढा धंदा उभा आहे! राळ कडक करून दळली की जी भुकटी होते ती गाड्यांच्या ब्रेक-लायनिंगमध्ये घालतात. घाटात ब्रेक तापतात, तापलेले ब्रेक घसरू लागतात. ही भुकटी त्या तापात घर्षण टिकवून धरते आणि ब्रेकचा कर्कश आवाजही कमी करते. कुंभार्ली घाट उतरणाऱ्या ट्रकच्या चाकात कोकणच्या टरफलाचा अंश असणं अगदी शक्य आहे. दुसरा मोठा उपयोग रंगांत. कार्डॅनॉलपासून केलेला इपॉक्सी रंगाचा कठिणक ओल्या आणि थंड हवेतही सुकतो, म्हणून तो जहाजांच्या रंगकामाला चालतो. हे ऐकून आमच्या खाडीतल्या जुन्या माणसाला हसू येईल. वाळवी लागू नये, पाणी मुरू नये म्हणून होडीला आणि दाराच्या चौकटीला टरफलांचं तेल चोपडायची चाल इथे फार जुनी. अमेरिकेत मॉर्टिमर हार्वे याने १९२० च्या दशकात या तेलाच्या औद्योगिक वापरावर काम सुरू केलं, तेव्हा तेल परदेशी गेलं आणि पेटंट होऊन परत आलं.

हिशेब साधा आहे. एक टन काजूबीतून पाव टनाच्या आसपास गर निघतो. साडेसहाशे-सातशे किलो टरफल उरतं. ते घाण्यात, म्हणजे एक्स्पेलरमध्ये दाबलं की शंभर-सव्वाशे किलो तेल सुटतं आणि पेंड राहते. पेंड बॉयलरखाली घालायला उत्तम. जळते जोमाने आणि धूर बेताचा. ज्याला घाई असते तो मात्र तेल न काढताच टरफल भट्टीत लोटतो. असा प्रयोग मी एकदा अंगावर घेतला आहे. घरापासून थोड्या अंतरावर कुणाची तरी भट्टी पेटली होती, वारा आमच्या बाजूचा. अर्ध्या तासात डोळे चुरचुरायला लागले, घशात कडवट चव, आणि दोरीवरच्या कपड्यांना दोन धुण्यांत न जाणारा वास. टरफलातलं तेल अर्धवट जळून त्याच्या झोंबऱ्या वाफा हवेत गेल्या होत्या. ज्या मालाला बाजारात गिऱ्हाईक आहे तो जाळून शेजाऱ्याच्या फुप्फुसात सोडायचा, आणि वर 'कचरा फुकट जाऊ देत नाही' म्हणून मिरवायचं. याला काय म्हणावं?

टरफलाला धंदा मिळाला आणि बोंडाला मिळाला नाही. का? मला तरी कारण एकच दिसतं: टरफल थांबू शकतं. त्या विषारी तेलामुळेच त्याला कीड लागत नाही, बुरशी सहजी धरत नाही. पोत्यात भरून महिनाभर ठेवा, ट्रकमध्ये घालून दुसऱ्या राज्यात पाठवा, त्याचं काही बिघडत नाही. दूरच्या कारखान्याला असाच माल परवडतो. उद्योगात पुनर्वापराच्या गोष्टी ऐकताना आपण तंत्रज्ञानाकडे बघत राहतो, पण बहुतेक ठिकाणी तंत्र शंभर वर्षांपूर्वीचं असतं. कस लागतो तो माल कुजायच्या आत गाठण्याचा.

कोकमाला हा नियम सगळ्यात क्रूरपणे लागू होतो. रातांबे पिकतात मेमध्ये, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात आभाळ फुटतं. घरोघरी साल वेगळी करून आमसुलं वाळत घातली जातात, आगळ भरलं जातं, आणि गरासकट बिया एका बाजूला ढीग लावून ठेवल्या जातात. या बियांत वजनाच्या पाव भागाच्या आसपास मेद असतो. जुनी रीत अशी: बिया धुऊन कडकडीत वाळवायच्या, वरचं कवच फोडायचं, आतला गर कांडून पाण्यात उकळायचा. वर तवंग येतो, तो गोळा करून थंड होताना मुठीत दाबून लाडू वळायचे. म्हणून नाव मुठेल. दक्षिणेला त्यालाच भिरंडेल म्हणतात. टाचांच्या भेगांना लावायला प्रत्येक घरात एखादा गोळा वर्षभर असायचाच, कागदात गुंडाळून फडताळात.

हा मेद गोळा होऊन राहतो, कारण त्यात स्टिअरिक आम्ल भरपूर आहे. तो चाळीस अंशांच्या आसपास वितळतो. चॉकलेटमधलं कोकोचं लोणी चौतीस-पस्तीसला वितळतं, म्हणून आपल्या उन्हाळ्यात चॉकलेट खिशात चिखल होतं. त्यात थोडं कोकमतेल मिसळलं तर ते जरा जास्त ऊन सोसतं. युरोपीय संघाने २००० साली चॉकलेटबद्दल जो कायदा केला त्यात कोकोच्या लोण्याखेरीज पाच टक्क्यांपर्यंत दुसरे वनस्पतिजन्य मेद चालतील असं म्हटलं, आणि असे सहाच मेद नावानिशी दिले. पाम, शिया, साल, इलिपे, आंब्याची कोय आणि कोकम. सहांतले दोन आमच्या परसातले! ब्रुसेल्सच्या कागदावर रातांब्याचं शास्त्रीय नाव छापलेलं आहे आणि इकडे रातांब्याच्या बिया शेणकुटात चालल्या आहेत.

त्या तिथे का जातात, याचं उत्तर पुन्हा आभाळात आहे. ओल्या बियांत बुरशी धरते, बीतलीच विकरं मेद फोडायला लागतात, आणि मोकळी मेदाम्लं वाढली की तेलाला खवट वास येतो. असं तेल शुद्ध करण्यात इतकी घट होते की गिऱ्हाईक पाठ फिरवतं. बी वाळायला लागणारं सलग आठ दिवसांचं ऊन नेमकं त्या वेळी मिळत नाही. आंब्याच्या बाठ्यांचंही तेच. कॅनिंगच्या मोसमात रत्नागिरी परिसरात बाठ्यांचे डोंगर उभे राहतात. त्यांच्या आतली कोय जवळजवळ निम्मी पाण्याने भरलेली. बाठा फोडून कोय वाळवली तर तिच्यातून कोकोच्या लोण्याऐवजी चालणारा मेद मिळतो, पिठीही निघते. पण बाठा फोडणं म्हणजे कोयत्याची परीक्षा, आणि पावसाला घाई.

भाताला त्या मानाने सवड असते, म्हणून तिकडे फार रेंगाळत नाही. शंभर किलो भातातून वीस किलो तूस आणि आठेक किलो कोंडा. तूस जळलं की पाचवा हिस्सा राख उरते, आणि त्या राखेत नव्वद टक्क्यांच्या आसपास सिलिका, म्हणजे बारीक वाळूच. आमच्या आज्या तुसाच्या राखेने दात आणि भांडी का घासत होत्या ते यातून कळतं. सिमेंटमध्ये मिसळायला आणि पोलाद कारखान्यात वितळलेल्या रसावर झाकण म्हणून हीच राख जाते. कोंड्यात मात्र घड्याळ फारच वेगाने चालतं. भात सडताच कोंड्यातलं लायपेज नावाचं विकर जागं होतं आणि काही तासांत तेल नासवायला लागतं. म्हणून तेलगिरण्या कोंडा आल्या आल्या वाफेवर तापवून घेतात. कोकणची गंमत अशी की आपण उकडा तांदूळ खातो. भात आधीच उकडलेलं असतं, विकर त्या वाफेतच मेलेलं असतं, त्यामुळे उकड्याचा कोंडा बराच काळ टिकतो. तेलगिरणीतली पायरी आपल्या परसातल्या चुलवणावरच पार पडलेली असते, आणि तो टिकाऊ कोंडा आपण म्हशीपुढे ठेवतो. म्हशीची तक्रार नाही.

आतापर्यंत सांगितलं ते घन कचऱ्याचं. त्याचा निदान ढीग तरी दिसतो. कारखान्याच्या पाण्यातून जातं ते दिसत नाही: फळं धुतलेलं पाणी, मासळी सोललेलं पाणी, दुधाच्या टाक्या विसळलेलं पाणी. त्यात विष काहीच नसतं. साखर, पिष्ट, प्रथिनं, स्निग्ध पदार्थ. खायचंच सगळं. मग ते नदीत गेलं तर बिघडतं कुठे? बिघडतं ते असं की पाण्यातले जीवाणू या मेजवानीवर तुटून पडतात, त्यांची पिलावळ वाढते आणि ती पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवते. मासा गुदमरून मरतो. पाण्यात असं खाणं किती आहे ते मोजायची रीतही जीवाणूंच्याच जिवावर: नमुना बाटलीत बंद करून २७ अंशांवर तीन दिवस ठेवायचा आणि किती प्राणवायू खर्च झाला ते बघायचं. याला बीओडी म्हणतात. नदीत सोडायच्या पाण्याला आपल्याकडे सर्वसाधारण मर्यादा लिटरमागे ३० मिलिग्रॅमची. घाटावर मळीपासून मद्यार्क करणाऱ्या कारखान्यांचं स्पेंटवॉश म्हणून जे काळं पाणी असतं, त्याचा हा आकडा ४०-५० हजारांच्या घरात जातो.

उपाय म्हणजे तीच मेजवानी नदीऐवजी टाकीत वाढायची. सांडपाणी प्रक्रिया केंद्रात मोठ्या हौदात हवा घुसळतात आणि जीवाणूंना सांगतात, काय खायचं ते इथे खा. असं एक केंद्र मी जवळून पाहिलं आहे. त्यातला सगळ्यात आवडलेला क्षण अगदी साधा होता. ऑपरेटरने हौदातलं पाणी एक लिटरच्या काचेच्या नळकांड्यात भरलं आणि घड्याळ लावून खिडकीत ठेवलं. गढूळ, कॉफीसारखं पाणी. पाच मिनिटांत त्यात कापसासारखे पुंजके दिसू लागले, मग ते एकमेकांना धरून खाली सरकू लागले. अर्ध्या तासाने खाली तपकिरी गाळ आणि वर निवळ पाणी. गाळाची रेघ कितव्या आकड्यावर आली ते त्याने वहीत टिपलं. "आज बरं आहे," तो म्हणाला, ताप उतरलेल्या पोराबद्दल बोलावं तसं. "परवा पार वर तरंगत होतं सगळं."

या जीवाणूंना पोसणं हे घरच्या गुरांना पोसण्यासारखंच काम. नुसतं कार्बनी खाणं चालत नाही. बीओडी शंभर असेल तर पाच भाग नत्र आणि एक भाग स्फुरद लागतो, नाहीतर पुंजके विस्कटतात. म्हणून केंद्रात युरिया आणि डीएपीची पोती दिसतात. पाहुण्याला वाटतं चुकून शेतकी दुकानात आलो. रासायनिक कारखान्यांच्या सांडपाण्यात तर अडचण उलटी. तिथे पचेल असं खाणं कमी आणि न पचणारी, कधी मारक रसायनं जास्त. हौद नव्याने सुरू करताना किंवा जीवाणू मेले की ऑपरेटर काय करतात? शेण कालवून ओततात आणि गूळ नाहीतर मळी घालतात. शेणातून जीवाणूंचं विरजण मिळतं, गुळावर ते बाळसं धरतात. कोट्यवधींच्या यंत्रणेचा जीव शेवटी एका पाटीभर शेणात असतो, याची मला दरवेळी मौज वाटते.

आमच्या खाली लोटे-परशुरामची वसाहत बहुतांशी रसायनांचीच. तिथे सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे, प्रक्रिया झालेलं पाणी दाभोळच्या खाडीत सोडलं जातं, आणि खाडीतल्या मच्छीमारांच्या तक्रारी अनेक वर्षांच्या आहेत. या खाडीला मिळणाऱ्या वाशिष्ठीत वरून आमचं अवजल उतरतं. 'एवढं पाणी येतं, धुऊन नेतं सगळं' असं म्हणणारे लोक भेटतात. त्यांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. कोयनेची वीज मुख्यतः मागणी चढते त्या वेळची, म्हणून नदीला येणारं पाणी दिवसभर सारखं नसतं. ते जनित्रांच्या चालण्या-थांबण्याबरोबर चढतं, उतरतं. आणि पातळ करणं म्हणजे प्रक्रिया नव्हे. आमटीत पाणी ओतलं म्हणून मीठ कमी होत नाही, पातेलं मोठं होतं एवढंच.

हवा न घुसळता जीवाणूंकडून काम करून घ्यायचा दुसरा मार्ग गोबरगॅसचा, आणि त्यात आपल्याकडे एका माणसाने फार नेमका प्रश्न विचारला. पुण्याचे डॉ. आनंद कर्वे. गोबरगॅसला शेणच का? शेण म्हणजे गाईने पचवून, त्यातलं घेण्यासारखं घेऊन झाल्यावर टाकलेलं. जीवाणूंना उष्ट्याचं उष्टं वाढायचं आणि गॅस कमी येतो म्हणून कुरकुरायचं! त्यांच्या 'आरती' या संस्थेने खरकटं, खराब पीठ, पिष्टमय बिया अशा मालावर चालणारं छोटं संयंत्र केलं. दोन किलो मालातून चाळीस किलो शेणाइतका गॅस आणि तोही चाळीस दिवसांऐवजी एका दिवसात, असा संस्थेचा दावा. २००६ साली या कामाला इंग्लंडचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. त्याआधी २००२ मध्ये उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या पद्धतीलाही तोच पुरस्कार मिळाला होता. भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'निसर्गऋण' संयंत्र याच जातीचं, पण मोठ्या मापाचं. त्यात खरकटं आधी गरम पाण्यात आणि हवेत अर्धवट पचवून घेतात, मग बंद टाकीत सोडतात. या दोन्हींत मला भावतो तो वेळेचा हिशेब. कचरा ताजा असतानाच त्याला गाठायचं, आणि तो निघतो तिथेच गाठायचं.

गेल्या जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर पुन्हा त्या काजूच्या शेडमध्ये गेलो होतो. मोसम सरत आला होता. टरफलांची पोती ताडपत्रीखाली रचून ठेवलेली, ट्रकची वाट बघत. त्यांना घाई नव्हती. मागच्या बाजूला बी वाफवायचा बॉयलर धगधगत होता, खाली पेंडीचा जाळ. चिमणीतून आणि बॉयलरच्या अंगातून निघणारी ऊब नुसती हवेत जात होती. बाहेर पत्र्यावर पाऊस असा की बोललेलं ऐकू येईना. बॉयलरच्या भिंतीला टेकून, जाळापासून हातभर अंतर राखून, कुणीतरी गोणपाट अंथरलं होतं आणि त्यावर रातांब्याच्या बिया पसरल्या होत्या. मी एक उचलून नखाने दाबून पाहिली. खडखडीत वाळलेली.

"कुणाच्या या?"

राखेच्या हातांची तीच बाई टेबलावरून मागे वळली. "माज्याच, दादा. घरी ऊन कुठाय?"

ती उठून आली, पायाच्या अंगठ्याने बिया एकदा वरखाली केल्या आणि परत कटिंगला बसली.